धुण्याचीं जुनीं द्रव्यें : रिठा, खार आणि परीट

सध्यां बाजारांत धुण्याचीं जीं नवीं द्रव्यें येत आहेत, त्यांतील पुष्कळांच्या वेष्टनावर 'नैसर्गिक', 'रसायनविरहित', 'आपल्या पूर्वजांची रीत' अशीं विशेषणें छापलेलीं आढळतात. रिठ्याच्या टरफलांच्या पिशव्या, शिकेकाईची पूड, राखेचें निवळलेलें पाणी यांचा पुरस्कार करणारी मंडळी सुशिक्षित व सद्धेतूची आहेत. नद्यांवर येणाऱ्या फेसाचें त्यांस मनापासून वाईट वाटतें. तेव्हां त्यांचा उपहास करावा असा आमचा हेतु मुळींच नाहीं. परंतु 'पूर्वज असें करीत' हें विधान व्यापाराचें नसून इतिहासाचें आहे, आणि इतिहासाच्या विधानास पुरावा लागतो. तो तपासून पाहणें हें आमच्यासारख्यांचें काम होय. स्वाऱ्या, तह आणि वंशावळी यांच्या कागदांत गुंतलेल्या संशोधकास धुण्याचा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण जी क्रिया प्रत्येक घरीं रोज घडते, तिला ज्या इतिहासांत जागा नाहीं तो समाजाचा इतिहास अपुराच म्हटला पाहिजे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस तीन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली, जुन्या काळीं वस्त्र पाहून द्रव्य निवडीत. सर्वांस एकच द्रव्य नसे. दुसरी, त्या द्रव्यांपैकीं कित्येक आजच्या अर्थानें रसायनेंच होतीं. तिसरी, त्या स्वच्छतेचा ताप कोणाच्या तरी हातांस सोसावा लागे, आणि त्या हातांचें स्मरण वेष्टनावरील मजकुरांत नसतें.

(१) स्मृतींचा पुरावा

या विषयावरील जुना आणि स्पष्ट उल्लेख धर्मशास्त्रांत सांपडतो. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. त्यांत रेशमी व लोंकरीच्या वस्त्रांस ऊष म्हणजे खारी माती, कुतप नांवाच्या बकऱ्याच्या केंसांच्या कांबळ्यांस अरिष्टक म्हणजे रिठा, अंशुपट्टास बेलफळ आणि क्षौमास म्हणजे जवसाच्या तागाच्या वस्त्रास पांढरी मोहरी, अशी वांटणी सांगितलेली आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत हीच यादी थोड्या फरकानें येते. तेथें खाऱ्या मातीच्या जोडीस पाणी व गोमूत्र यांचाही निर्देश आहे. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें लिहिली, आणि पुढें महाराष्ट्रांतील व्यवहार बहुतांशीं तिच्याच आधारें चालला. तेव्हां ही वांटणी आपल्याकडील शास्त्री मंडळीच्या परिचयाची होती यांत संशय नाहीं.

या उल्लेखाचा उपयोग करतांना एक सावधगिरी ठेविली पाहिजे. स्मृतिकारांस वस्त्राचा विटाळ कसा जातो हें सांगावयाचें होतें. मळ कसा निघतो हें सांगणें त्यांचा मुख्य उद्देश नव्हता. तथापि विटाळ काढण्याचीं साधनें त्यांनीं व्यवहारांतूनच उचललीं हें उघड आहे. कारण नुसत्या विधीसाठीं वस्त्रागणिक निराळें द्रव्य सांगण्याचें कारण पडलें नसतें. आजच्या रसायनशास्त्राचा अभ्यासक येथें शंका घेईल कीं, तीव्र खारानें रेशीम व लोंकर खराब होतात, मग त्यांस खारी माती कशी सांगितली? याचें उत्तर असें कीं, कच्च्या रेशमावर जो डिंकासारखा थर असतो तो काढण्यास खारच लागतो, आणि खाऱ्या मातीचें गार पाणी हें चुन्यानें तीव्र केलेल्या खाराइतकें दाहक नसतें. केंसाळ कांबळ्यास रिठा सांगितला आहे तोही योग्यच आहे. रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचें फेस देणारें द्रव्य असतें. तें लोंकरीस अपाय न करतां मळ सोडवितें. संस्कृतांत रिठ्यास 'फेनिल' असेंही नांव आहे, तें याच गुणावरून.

(२) खार आणि लोणार

रिठा व शिकेकाई हीं नांवें आज सर्वांच्या तोंडीं आहेत, परंतु जुन्या धुण्याचा खरा आधार रिठा नसून खार होता. सुती कापड हेंच बहुजनांचें वस्त्र. तें खार सोसतें, आणि त्यांतील घामाचा व तेलाचा मळ खारावांचून नीट सुटत नाहीं. हा खार तीन ठिकाणांहून मिळे. एक, चुलींतील लांकडांची किंवा केळीच्या सोपटांची राख. दुसरें, चोपण जमिनीवर उन्हाळ्यांत फुलून येणारा पांढरा थर. आणि तिसरें, पंजाब-सिंधकडे खारट रानांतील झुडपें जाळून केलेला सज्जीखार, जो व्यापाऱ्यांकडून दूरवर जाई. वैद्यकांतही हा खार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत झाडांची राख पाण्यांत कालवून, गाळून, आटवून क्षार करण्याची कृति तपशिलानें दिलेली आहे.

आपल्या प्रांतांत या खाराचें सर्वांत नांवाजलेलें ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार. काळ्या खडकांत उल्कापातानें पडलेलें हें विवर सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद आहे, आणि त्यांतील सरोवराचें पाणी तीव्र खारें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावर जो क्षार उरे तो लोक गोळा करीत. अबुल फज़लाच्या आइन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारचा उल्लेख आहे. त्या डोंगरांत कांच व साबण करण्यास लागणारें सर्व साहित्य होतें, आणि तेथील सोऱ्याच्या कारखान्यांपासून सरकारास चांगलें उत्पन्न येतें, असें तो सांगतो. वऱ्हाड इ. स. १५९६ मध्यें मोगलांकडे आलें. म्हणजे ही हकीकत सोळाव्या शतकाच्या अगदीं अखेरची आहे.

हा उल्लेख दोन कारणांनीं महत्त्वाचा आहे. साबण ही इंग्रजांनीं आणलेली वस्तु होय अशी एक सर्वसाधारण समजूत आहे, ती यानें निराधार ठरते. गुरु नानक (इ. स. १४६९–१५३९) यांच्या जपजींत मळलेलें वस्त्र साबणानें धुण्याचा दृष्टान्त आलेला आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशांत रिठा व शिकेकाई यांच्या बरोबरीनें साबण हा शब्दही नोंदलेला आहे; त्या कोशाची दुसरी आवृत्ति इ. स. १८५७ ची, आणि विलायती साबणाच्या वड्या पेट्याच्या पेट्या भरून कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या त्या इ. स. १८८८ मध्यें. साबण हें नांव अरबी 'साबून' व पोर्तुगीज 'साबांव' यांच्या कुळांतील खरें, पण वस्तु आणि ती करण्याची विद्या या देशांत इंग्रजांच्या आधीपासून होती. दुसरें असें कीं, लोणारचा क्षार आणि सज्जीखार यांतील मुख्य द्रव्य जें सोडियम कार्बोनेट, तेंच आज धुण्याचा सोडा म्हणून पुड्यांत विकलें जातें. युरोपांत तें पूर्वीं वनस्पतींच्या राखेपासून काढीत, इ. स. १७९१ मध्यें लब्लां यानें व इ. स. १८६१ मध्यें सॉल्वे यानें तें मिठापासून करण्याच्या रीती काढल्या. उगम बदलला, द्रव्य तेंच राहिलें. म्हणून 'आम्ही सोडा वापरीत नाहीं, राखेचें पाणी वापरतों' असें जे म्हणतात, ते एका खाराऐवजीं त्याचाच सख्खा भाऊ वापरीत असतात.

(३) भडोचचीं लिंबें

खारानें मळ निघतो, पण कापडांत खार राहिला तर तें पिंवळट पडतें व कुजतें. यावरही जुन्या लोकांनीं उपाय शोधलेला होता. त्याचा उत्तम दाखला आपल्या शेजारच्या गुजराथेंतील आहे. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत अनेक वेळां येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निअर लिहितो कीं, दूरदूरच्या प्रांतांचें कोरें सुती कापड पांढरें करण्यासाठीं भडोच व नवसरी या बाजूस आणीत, कारण तेथें लिंबें विपुल मिळत आणि लिंबाच्या रसावांचून कापडास खरी पांढराई येत नसे. आग्रा-लाहोरपासून गुजराथेपर्यंत कापडाचे गठ्ठे वाहून आणण्याचा खर्च व्यापारी सोसत असत, यावरून या अखेरच्या आंबट पाण्याची किंमत त्यांस किती कळली होती हें दिसून येतें.

खार, ऊन आणि आंबट पाणी हे या विद्येचे तीन टप्पे होत. प्रत्येकाचें काम निराळें आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली. पहिल्यानें तेलकटपणा सुटे, दुसऱ्यानें रंग उडे, तिसऱ्यानें उरलेला खार मारला जाई. यांपैकीं एकच उचलून 'ही पूर्वजांची रीत' म्हणणें हें ग्रंथाचें एक पान फाडून त्यालाच ग्रंथ म्हणण्यासारखें आहे.

(४) परीट

हें ज्ञान कोणाजवळ होतें? रोजचें धुणें घरच्या बायका नदीवर किंवा विहिरीवर बहुधा नुसत्या पाण्यांत आपटून काढीत. परंतु जाड, फार मळलेलें व कार्यप्रसंगाचें कापड परटाकडे जाई. बारा बलुत्यांत परटाची गणना आहे. कुंभार, न्हावी यांच्याबरोबर तो बहुधा मधल्या ओळींत येतो, आणि सुगीच्या वेळीं शेतकऱ्याच्या खळ्यावरून त्यास धान्याच्या रूपानें बलुतें मिळे. लग्नकार्यांत पायघड्या घालण्याचा मानही त्याचाच. 'भट्टीचें धोतर' आणि 'परीटघडी' हे शब्द आपल्या भाषेंत रुळले आहेत ते त्याच्याच कसबामुळें.

भट्टीची रीत थोडक्यांत अशी. कपडे खाराच्या पाण्यांत भिजवावयाचे, मोठ्या भांड्यावर रचून वाफवावयाचे, मग वाहत्या पाण्यांत दगडावर आपटून खार काढावयाचा, उन्हांत वाळवावयाचे. नंतर नीळ, खळ आणि इस्त्री. या कामांत कापडाची झीज किती होते याची जाणीव फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत परटानें लांकडी फळीवर अथवा गुळगुळीत शिळेवरच कपडे धुवावे, इतरत्र धुतल्यास नुकसानभरपाई देऊन शिवाय सहा पण दंड भरावा, असा नियम आहे. मुद्गराची खूण नसलेलें वस्त्र परटानें अंगावर घातल्यास तीन पण, आणि दुसऱ्याचें वस्त्र विकल्यास, भाड्यानें दिल्यास किंवा गहाण टाकल्यास बारा पण दंड सांगितला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतही सांवरीच्या गुळगुळीत फळीवर हलके हलके धुण्याची आज्ञा आहे. या नियमांत कापडाची काळजी आहे, कापडाच्या मालकाची आहे. परटाच्या हातांची मात्र कोठेंच नाहीं.

आणि त्या हातांस काय सोसावें लागे हें समजण्यास ग्रंथाची जरूर नाहीं. दिवसभर खाराच्या पाण्यांत राहिलेली कातडी फुटते, भेगाळते. सज्जीखार जमिनींतून आला म्हणून तो कातडीस सौम्य होत नाहीं. दुसरें उदाहरण बिब्ब्याचें. कपडे ओळखावे म्हणून परीट त्यांवर बिब्ब्याच्या रसाची खूण घालीत. ती कितीही धुतली तरी जात नाहीं. पण हाच रस अंगास लागला तर फोड येतात. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जेथें जेथें ही खूण टेकत असे तेथें तेथें फोड उठले, आणि सैन्याच्या डॉक्टरांनीं त्याची नोंद इ. स. १९४३ मध्यें प्रसिद्ध केली. बिब्बा हा झाडाचाच आहे. रिठाही झाडाचाच आहे, आणि त्याचें पाणी डोहांत टाकून मासे गुंगवून धरण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं होती. तेव्हां निसर्गाची देणगी म्हणजे निरुपद्रवी वस्तु हें समीकरण पूर्वजांनीं मांडलेलें नाहीं. तें आपण त्यांच्या नांवावर घालतों.

(५) बदल कसा झाला

इ. स. १८८८ नंतर विलायती वडी आली; इ. स. १८९७ मध्यें मेरठेस साबणाचा कारखाना निघाला. आरंभीं साबणांत प्राण्यांची चरबी असे, आणि सोंवळ्याच्या रेशमास तो लावणें पुष्कळांस पटण्यासारखें नव्हतें. सोंवळ्याचीं वस्त्रें व शालजोड्या यांच्यापुरता रिठा घरोघरीं टिकून राहिला त्याचें एक कारण आमच्या मतें हेंच आहे. दुसरें अर्थात् त्याचा अंगचा गुण. स्वदेशीच्या चळवळीनें देशी साबणास उत्तेजन मिळालें, आणि अर्देशिर गोदरेज यांनीं इ. स. १९१८ च्या सुमारास चरबी वगळून वनस्पतींच्या तेलाचा साबण काढला, तेव्हां ती अडचणही दूर झाली. पुढें इ. स. १९३४ मध्यें मुंबईस शिवडी येथें विलायती कंपनीचाच साबणाचा कारखाना सुरू झाला.

साबणाचा एक मोठा दोष असा कीं, जड पाण्यांत त्याचा चिकट सांका होऊन कपड्यावर बसतो. आणि दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जडच असतें. रिठ्यास हा दोष नाहीं, आणि खनिज तेलापासून केलेल्या नव्या धुण्याच्या पुडीसही नाहीं. ही पुडी आपल्याकडे इ. स. १९५९ मध्यें आली, आणि इ. स. १९६९ मध्यें अहमदाबादेस कर्सनभाई पटेल यांनीं स्वस्त पुडी काढल्यावर ती गरिबाच्या घरींही पोंचली. जिला रोज भट्टी लावतां येत नव्हती, परटाची मजुरी देतां येत नव्हती, त्या बाईचे श्रम या पुडीनें कमी केले. ही गोष्ट विसरून पुडीची निंदा करणें न्यायाचें नाहीं.

निंदेस जागा आहे ती निराळी. पुडींतील फॉस्फेटानें तळ्यांत शेवाळ माजतें व पाण्यांतील प्राणवायु कमी होतो. पहिल्या पुडींतील फेस देणारें द्रव्य पाण्यांतील सूक्ष्म जंतूंस पचत नसे, म्हणून युरोप-अमेरिकेंतील नद्या फेसानें भरल्या. जर्मनीनें इ. स. १९६१ मध्यें त्याविरुद्ध कायदा केला; तेव्हां कारखानदारांनीं जंतूंस पचेल अशा सरळ सांखळीच्या द्रव्याची योजना केली आणि फेस पुष्कळ ओसरला. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तो उपाय 'नैसर्गिक' या शब्दानें झाला नाहीं. नदींत गेल्यावर त्या द्रव्याचें पुढें काय होतें हा प्रश्न विचारल्यानें झाला.

(६) उपसंहार

यावरून आजच्या निवडीस इतिहास काय सांगतो? द्रव्य झाडापासून आलें कीं कारखान्यांतून, हा प्रश्न जुन्या लोकांनीं विचारलाच नव्हता. त्यांचे प्रश्न असे होते : वस्त्र कोणतें, मळ कोणता, पाणी कसें, आणि शेवटीं कापडांत काय उरतें. हे चार प्रश्न आजही तितकेच उपयोगाचे आहेत. पैठणी, शाल, लोंकरीची बंडी यांस गार पाण्यांतील रिठा आजही उत्तम. तेथें पूर्वजांची साक्ष निर्विवाद आहे. घामेजलेल्या, तेलकट सुती कपड्यांस एकटा रिठा पुरा पडत नाहीं, आणि पूर्वजही तेथें त्यावर अवलंबून राहिले नव्हते. बेताचा सोडा किंवा साधा साबण, भरपूर ऊन आणि शेवटच्या पाण्यांत थोडा लिंबाचा रस ही योजना त्यांच्या रीतीस अधिक जवळची आहे. रिठ्याचें पाणी असो वा सोड्याचें, तें मासे असलेल्या तळ्यांत ओतूं नये. लोणारकडे तर आतां कोणी खारासाठीं जाण्याचें कारण नाहीं. तें सरोवर इ. स. २०२० मध्यें रामसर यादींत गेलें असून त्याचें रक्षण हेंच आपलें कर्तव्य आहे.

आमच्या या चार प्रश्नांस पांचवा जोडावा असें आम्हांस वाटतें, आणि तो जुन्या ग्रंथांनीं विचारलेला नाहीं : हें द्रव्य कोणाच्या हातांतून जाणार? पूर्वीं तो हात परटाचा होता, आज तो घरच्या बाईचा किंवा धुणेंभांडीं करणाऱ्या बाईचा आहे. ज्या निवडीनें नदी निर्मळ राहते पण राबणाऱ्याचा हात फुटतो, ती निवड पुरी विचारपूर्वक केलेली नव्हे.

शेवटीं वाचकांस एक विनंती. ज्यांच्या घरीं जुन्या जमाखर्चाच्या वह्या, लग्नकार्यांच्या याद्या अथवा बलुत्याचे कागद असतील, त्यांनीं त्यांतील रिठे, शिकेकाई, साजीखार, साबण, नीळ आणि परटाची मजुरी यांच्या नोंदी तिथिवारासह उतरून मंडळाकडे पाठवाव्या. धान्य किती पायल्या दिलें आणि त्याबद्दल किती घरांचें धुणें झालें, एवढी एक ओळ मिळाली तरी ती आम्हांस मोलाची वाटेल. कारण ज्याच्या घडीचें नांव आपण अजून घेतों, त्या परटाच्या श्रमाचा हिशेब अशाच ओळींतून लागावयाचा आहे.